नोंदवही कुणाची?

गेल्या वर्षी आमच्या गटाकडे एक पत्र आलं. दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं. आम्ही गेली नऊ वर्षं एका तालुक्यातल्या ४० विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी मोजत आहोत. त्यावरचे आमचे दोन लेख तिने वाचले होते. लेखांत आलेख होते, पण आलेखांमागचे आकडे नव्हते. ते आकडे मिळतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. पत्र पाच ओळींचं. उत्तर द्यायला आम्हाला तीन आठवडे लागले.

शाळेत आपण शिकवतो की वैज्ञानिक निरीक्षणं करतो, त्यांवरून निष्कर्ष काढतो आणि ते सर्वांपुढे मांडतो. निष्कर्ष सर्वांपुढे मांडतो हे खरं. पण निरीक्षणं? ती बहुतेक वेळा त्याच्या कपाटात नाहीतर संगणकातच राहतात. लेखात येतो तो त्यांचा अर्क. साडेआठ हजार नोंदींचे दोन आलेख आणि एक तक्ता होतो. मूळ नोंदी, म्हणजे ज्याला सगळे डेटा म्हणतात आणि काही जण विदा, त्या मागणाऱ्याला द्यायच्या की नाही हे त्या वैज्ञानिकाने ठरवायचं, अशीच पद्धत बराच काळ होती. अजूनही अनेक विषयांत आहे.

हा प्रश्न नवा नाही. त्यावरून झालेलं विज्ञानाच्या इतिहासातलं एक मोठं भांडण तीनशे वर्षांपूर्वीचं आहे. भांडणाऱ्यांपैकी एक जण होता आयझॅक न्यूटन. दुसऱ्याचं नाव पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. तो होता जॉन फ्लॅमस्टीड.

१६७५ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने ग्रिनिचला वेधशाळा स्थापन केली. कारण अगदी व्यवहारी होतं. भर समुद्रात आपलं जहाज कोणत्या रेखांशावर आहे हे कळत नसे, आणि त्यामुळे जहाजं खडकांवर आपटत. चंद्र ताऱ्यांमधून कसा सरकतो याचं अचूक कोष्टक मिळालं, तर चंद्राकडे पाहून वेळ आणि वेळेवरून रेखांश काढता येईल अशी कल्पना होती. त्यासाठी आधी ताऱ्यांच्या जागा नेमक्या माहीत हव्यात. या कामावर विशीतल्या फ्लॅमस्टीडची नेमणूक झाली. पगार वर्षाला १०० पौंड. राजाने इमारत दिली, पण उपकरणं दिली नाहीत! काही उपकरणं एका हितचिंतकाने दिली. पण सगळ्यात महत्त्वाचं उपकरण, भिंतीवर बसवलेला मोठा अंशांकित कंस, फ्लॅमस्टीडने स्वतःच्या खर्चाने करून घेतलं. ते १६८९ साली तयार झालं आणि त्याला वर्षभराच्या पगाराहून जास्त पैसे लागले. शिवाय पगार पुरत नाही म्हणून तो शिकवण्याही घ्यायचा.

त्याच्या आधीचा उत्तम तारका-निरीक्षक म्हणजे टायको ब्राहे. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती. त्याच्या मोजमापातली चूक कलांच्या हिशेबात असे. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. फ्लॅमस्टीडने दुर्बीण लावलेला कंस वापरून ही चूक विकलांवर आणली, आणि विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. यामागे वर्षानुवर्षं थंडीत उघड्या छताखाली काढलेल्या रात्री होत्या, आणि प्रत्येक रात्रीनंतर दिवसाची आकडेमोड होती.

१६९४ साली न्यूटन ग्रिनिचला आला. त्याला चंद्राच्या गतीचा सिद्धांत पुरा करायचा होता. सूर्य आणि पृथ्वी दोघांच्याही ओढीत सापडलेला चंद्र कसा फिरतो, हे गणित कागदावर बसत नव्हतं. आणि ते बसलं की नाही हे तपासायला लागणारी निरीक्षणं जगात एकाच माणसाकडे होती. फ्लॅमस्टीडने त्याला चंद्राच्या ५० जागा दिल्या, पण अट घालून. त्या कुणाला दाखवायच्या नाहीत, आणि त्यांतून जे निघेल ते आधी मला कळवायचं.

न्यूटनला आणखी हव्या होत्या, आणि लवकर. फ्लॅमस्टीड म्हणे, थांबा. चंद्राची जागा ताऱ्यांच्या संदर्भाने मोजायची असते आणि ताऱ्यांची माझी यादीच अजून पक्की झालेली नाही. तीच चुकली तर त्यावरचं सगळं चुकेल. न्यूटनचं म्हणणं असं, की तुम्ही नुसती निरीक्षणं द्या, हिशेब मी करीन. हे फ्लॅमस्टीडला लागलं. आपण मोजणी करणारे हमाल आणि हे विचार करणारे, असा त्याचा अर्थ त्याने घेतला. दिलेले आकडे न्यूटनने अट मोडून इतरांना दाखवले अशीही त्याची तक्रार होती.

आता जरा न्यूटनच्या बाजूनेही पाहू. वेधशाळा सरकारी. पगार सरकारी. १७०४ साल उजाडलं तरी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनंतरही, फ्लॅमस्टीडचा तारकासंग्रह छापून झालेला नव्हता, आणि जहाजं बुडायची थांबली नव्हती. अशा वेळी ‘अजून पक्कं झालं नाही’ हे उत्तर किती काळ ऐकून घ्यायचं? आमच्यातल्या एकाचं मत आहे की या भांडणात न्यूटनचा स्वभाव वाईट होता, पण मुद्दा चांगला होता. आम्हाला ते बरंचसं पटतं.

पुढची हकिगत मात्र न्यूटनला शोभणारी नाही. १७०४ मध्ये राणी ॲनचा नवरा प्रिन्स जॉर्ज याने छपाईचा खर्च उचलायचं कबूल केलं. देखरेखीसाठी समिती नेमली गेली आणि तिचा म्होरक्या होता न्यूटन. फ्लॅमस्टीडने अपुरी तारकासूची मोहोरबंद करून विश्वासाने ठेवायला दिली. ते सील आपल्या संमतीशिवाय फोडलं गेलं असा आरोप त्याने पुढे केला. १७०८ मध्ये प्रिन्स वारला आणि काम थांबलं. मग १७१० साली राणीच्या हुकमाने वेधशाळेवर देखरेख मंडळ आलं. त्याचा प्रमुखही न्यूटनच, कारण रॉयल सोसायटीचा अध्यक्ष तो होता. शेवटी १७१२ साली एडमंड हॅलीने, हो, धूमकेतूवाल्या हॅलीनेच, फ्लॅमस्टीडच्या मर्जीविरुद्ध ते पुस्तक संपादित करून छापलं. प्रती निघाल्या ४००. पुढच्या वर्षी न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ची दुसरी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीत फ्लॅमस्टीडचा उल्लेख जिथे जिथे होता त्यांतल्या अनेक ठिकाणांहून तो गेला होता.

१७१४ साली राणी ॲन वारली. दरबारातले वारे फिरले. त्या ४०० प्रतींपैकी ३०० परत मिळवण्यात फ्लॅमस्टीडला यश आलं. त्यांतला स्वतः मान्य केलेला भाग त्याने फाडून बाजूला ठेवला आणि उरलेल्याची होळी केली. ही सत्यासाठी दिलेली आहुती आहे, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे.

स्वतःची पक्की आवृत्ती त्याला पाहायला मिळाली नाही. १७१९ च्या शेवटच्या दिवशी तो गेला. त्याची पत्नी मार्गारेट आणि दोन जुने मदतनीस यांनी ती नेटाने पुरी केली. १७२५ मध्ये तीन खंड निघाले, त्यांत सुमारे ३००० तारे होते. त्याच्या जागी राजज्योतिषी म्हणून आला तो हॅली. त्याला वेधशाळा रिकामी मिळाली. उपकरणं नवऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतली होती, म्हणून मार्गारेटबाईंनी ती सगळी उचलून नेली होती!

हे भांडण इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे आज संशोधक जी जी कारणं देतात ती सगळी यात आहेत. कष्ट माझे आहेत. अजून तपासून झालेलं नाही. आधी मला त्यातून काहीतरी काढू द्या. श्रेय मिळेल याची खात्री काय? आणि समोरच्याची बाजूही तीच आहे: पैसा लोकांचा आहे, काम अडलं आहे, आणि तुम्ही नुसते बसून आहात.

पण गोष्ट इथे संपत नाही. १६९० च्या डिसेंबरात फ्लॅमस्टीडने वृषभ राशीत एका मंद ताऱ्याची जागा नोंदली होती. ३००० पैकी एक. १७८१ साली विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. त्याची कक्षा नीट काढायची तर एवढी वर्षं थांबायचं का? खगोलशास्त्रज्ञांनी जुन्या याद्या चाळल्या. फ्लॅमस्टीडच्या यादीतला वृषभेतला तो तारा आता जागेवर नव्हता, कारण तो तारा नव्हताच. तो युरेनस होता, शोध लागण्याच्या ९० वर्षं आधी टिपलेला. एका नोंदीमुळे पूर्ण फेरीपेक्षा जास्त काळाचा हिशेब हाताशी आला. पुढे तर आणखी मजा झाली. या जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एका कक्षेत काही केल्या बसेनात. १८२१ साली फ्रान्सच्या बुव्हारने जुन्या नोंदी चुकीच्या असतील म्हणून सोडून दिल्या. मग नव्याही बसेनाशा झाल्या! त्या न बसण्यातूनच पलीकडे एखादा ग्रह असावा हा तर्क निघाला, आणि १८४६ मध्ये ल व्हेरिएच्या गणिताने दाखवलेल्या जागेजवळ बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून दिसला.

फ्लॅमस्टीड आणि न्यूटन भांडत होते चंद्रासाठी. युरेनस त्या दोघांच्याही ध्यानीमनी नव्हता. आपल्या नोंदींचा उपयोग कशाला होईल हे नोंद करणाऱ्याला कळतच नाही, ही गोष्ट देण्या-न देण्याच्या वादात पुष्कळदा विसरली जाते. (जाता जाता: ताऱ्यांना क्रमांक देण्याची कल्पना हॅलीच्या त्या जाळलेल्या आवृत्तीत होती. फ्लॅमस्टीडच्या १७२५ च्या पुस्तकात क्रमांक नव्हते. १७८३ साली लालांदने हॅलीची ती कल्पना उचलून क्रमांक दिले आणि त्यांना आज फ्लॅमस्टीड क्रमांक म्हणतात! १९९५ मध्ये ज्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला त्या ‘५१ पेगासी’तला ५१ हा असाच क्रमांक.)

मग यातून मार्ग कसा काढायचा? वेगवेगळ्या विषयांनी वेगवेगळे काढले.

खगोलशास्त्रज्ञांनी मुदत ठरवली. दुर्बिणीचा वेळ ज्याला मिळाला त्याच्याकडेच निरीक्षणं ठराविक काळ राहतात, मग ती संग्रहात सगळ्यांसाठी खुली होतात. हबल अवकाश दुर्बिणीसाठी ही मुदत बराच काळ एक वर्ष होती. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे तिच्या निरीक्षणांनाही अशीच दीड वर्षाची मुदत असते. हबलच्या बाबतीत असं दिसलं, की मूळ निरीक्षकांनी लिहिलेल्या लेखांपेक्षा संग्रहातून जुनी निरीक्षणं काढून इतरांनी लिहिलेले लेख पुढे जास्त होऊ लागले. ही मुदतीची युक्ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते. कष्टाचं पहिलं फळ ज्याचं त्याला, नंतर झाड सगळ्यांचं.

प्रथिनांची रचना शोधणाऱ्यांनी १९७१ मध्ये एक सामाईक पेढी काढली. सुरुवातीला तिच्यात सात रचना होत्या. पुढे नियम असा झाला की रचना पेढीत जमा केल्याशिवाय नियतकालिकं लेख छापत नाहीत. पन्नास वर्षांत ही संख्या दीड लाखावर गेली, आणि याच साठ्यावर शिकून अल्फाफोल्ड हा संगणकीय कार्यक्रम प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करू लागला. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा आहे. १९७१ मध्ये हे कुणाच्या मनात असणार?

मानवी जनुकसंचाचं वाचन करणाऱ्या गटांनी तर त्याहून धाडसी गोष्ट केली. १९९६ साली बर्म्युडा बेटावर जमून त्यांनी ठरवलं, की वाचलेला क्रम २४ तासांत सर्वांसाठी खुला करायचा. लेख छापून होईपर्यंत थांबायचंच नाही. एरवी कुणीतरी त्यावर पेटंट घेऊन बसेल ही भीती त्यामागे होती.

आता उलट बाजूचं उदाहरण, कारण देणं हे प्रत्येक वेळी न्याय्यच असतं असं नाही. २००६ च्या अखेरीस इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला पाठवणं थांबवलं. रोगी त्यांचे, नमुने त्यांचे. पण त्यांवरून लस करणार श्रीमंत देशांतल्या कंपन्या, आणि ती लस इंडोनेशियाला परवडणार नाही. जगभर टीका झाली, पण प्रश्न खोटा नव्हता. फ्लॅमस्टीडची तक्रार एका देशाने केली असं म्हणा ना. बरीच वर्षं वाटाघाटी होऊन २०११ मध्ये करार झाला. नमुने द्यायचे, आणि बदल्यात लसींचा व औषधांचा काही वाटा परत मिळायचा.

आणि न देण्याची किंमत काय असते तेही आपण हल्लीच पाहिलं. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या कोरोना विषाणूचा सुमारे ३०,००० अक्षरांचा जनुकक्रम खुला केला. तो मिळताच काही दिवसांतच जगात लसींची आखणी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा ‘सुधारणेसाठी’ बंद करण्याचा हुकूम आला. आपल्याकडे २०२१ च्या एप्रिल अखेरीस, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, शेकडो भारतीय वैज्ञानिकांना पंतप्रधानांकडे जाहीर विनंती करावी लागली की चाचण्यांची आणि रुग्णांची तपशीलवार आकडेवारी आम्हाला अभ्यासायला द्या.

नियम झाले म्हणजे सगळं झालं असंही नाही. नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००५ मध्ये १४१ लेखांच्या लेखकांना पत्रं पाठवली. ज्या नियतकालिकांत हे लेख आले होते, तिथे मागितल्यास आकडे देऊ असं लेखकांना आधीच मान्य करावं लागत असे. तरी जवळजवळ तीन-चतुर्थांश लेखकांनी आकडे दिले नाहीत. याच गटाने पुढे आणखी एक गोष्ट तपासली. ज्यांनी दिले नाहीत त्यांच्या लेखांत आकडेमोडीच्या चुका जास्त होत्या. म्हणून न देणारा प्रत्येक जण चूक लपवत होता असं म्हणता येणार नाही. ज्याच्या नोंदी गबाळ्या त्याच्या चुकाही जास्त, आणि त्याला त्या शोधून देणंही अवघड, असंही असेल.

इथे आम्हाला आमच्या विहिरींकडे परत यावं लागतं.

पत्रावर आमच्यात बराच वाद झाला. पैसा सरकारी अनुदानाचा, तेव्हा आकडे आपले कसे, हा एक मुद्दा. आमच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदींवर उभा आहे आणि अजून पुरा व्हायचा आहे, हा दुसरा. तिसरा शेतकऱ्यांचा. त्यांनी आम्हाला बांधावर येऊ दिलं ते विश्वासाने. कुणाच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं ही माहिती गावात साधी नसते. टँकरपासून भाऊबंदकीपर्यंत कुठेही ती जाऊ शकते. चौथा मुद्दा जुन्या अनुभवाचा. पूर्वी एकदा आम्ही असेच आकडे दिले होते आणि ते एका अहवालात आमच्या नावाशिवाय छापून आले होते. तेव्हापासून आमच्यातला एक जण अशी पत्रं फाइलला लावून मोकळा होतो.

पण त्याच गृहस्थांनी शेवटी वेगळंच बोलून दाखवलं. आपण पावसाचे आकडे कुठून आणतो? हवामान खात्याकडून. कुणीतरी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून ते लिहून ठेवतं. त्या आकड्यांशिवाय आपल्या विहिरींच्या आकड्यांना अर्थ नाही. त्या माणसाचं नाव आपण कधी कुठल्या लेखात घातलंय?

द्यायचं ठरल्यावर खरं काम सुरू झालं. आमच्या वहीत काही आकड्यांपुढे लाल ठिपका आहे. त्याचा अर्थ आम्हालाच माहीत: पातळी मोजली तेव्हा मोटर नुकतीच बंद केली होती, म्हणजे पाणी ओढलेलं होतं. संगणकात आकडे गेले, ठिपके गेले नाहीत. बाहेरच्या माणसाला ती पातळीतली खरी घट वाटली असती. काही ठिकाणी मोजमाप फुटांत, काही ठिकाणी मीटरमध्ये. एका वर्षी टेप बदलली होती. हे सगळं लिहून काढायला दोघांचे बारा दिवस गेले. देणं म्हणजे नुसती फाइल पाठवणं नव्हे, हे असं कामाला लागल्यावरच कळतं. आणि या बारा दिवसांचं श्रेय कुठल्याही बढतीच्या अर्जात लिहिता येत नाही.

शेवटी आम्ही पहिल्या सात वर्षांच्या नोंदी पाठवल्या. मालकांच्या नावांऐवजी क्रमांक, नेमक्या जागेऐवजी फक्त गाव, आणि सोबत चार पानी टिपण. उरलेली दोन वर्षं प्रबंध झाल्यावर.

दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं. १७ क्रमांकाच्या विहिरीत पाचव्या वर्षापासून पाणी एकदम दोन फूट खाली गेलेलं दिसतं आणि पुढे कायम तितकंच खाली राहतं. शेजारच्या तिन्ही विहिरींत तसं काही नाही. असं का, असं तिने विचारलं होतं. आमच्या एका लेखात ही घट जास्त उपशामुळे झाली असावी असं आम्ही लिहिलं होतं.

पुढच्या फेरीला आम्ही त्या शेतकरी दादांना विचारलं. ते म्हणाले, “अहो, नातू पडला असता विहिरीत, म्हणून कठडा बांधून घेतला ना त्या साली. दोन फुटांचा.”

आम्ही पाणी कठड्याच्या कडेपासून मोजत होतो.